मरळ, बेडूक आणि गळ

गावतळ्यात मरळ आहे की नाही, हे जाणण्यासाठी पाणी निवळण्याची वाट पाहावी लागत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला मधूनच एखादा बुडबुडा फुटतो, वर्तुळ उमटते आणि विरते. मरळ श्वास घेऊन गेलेली असते. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, हवा घेणारे एक निराळे इंद्रिय तिला लाभले आहे; म्हणून साचलेल्या, गढूळ पाण्यातही ती सुखाने नांदते. उलट, जाळ्यात अडकून तिला वर येता आले नाही, तर पाण्यात असूनही ती गुदमरून मरते. काटे थोडे आणि मांस रुचकर, त्यामुळे बाजारात ती जिवंत विकली जाते आणि भावही चांगला मिळवते. तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमत्स्याचा मान दिला.

मरळ दबा धरून शिकार करते. भक्ष्य तिला डोळ्यांनी दिसतेच. पण अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदनशील रेषेमुळे पाण्यातील बारीकसे कंपनही तिला कळते. धडधाकट माशाचा पाठलाग करण्यापेक्षा लंगडणारा, भरकटलेला जीव गाठणे तिला परवडते. जिवंत आमिषाची सारी विद्या याच स्वभावावर उभी आहे. लहान मासा लावायचा तर गळ पाठीवरील पराच्या मुळाशी, कण्याला धक्का न लावता ओवतात. बेडूक असेल तर मांडीच्या कातडीतून. आमिष पोहत राहिले पाहिजे, पण धड पोहता कामा नये! मरळीने ते पकडून झुडपात बुडी मारली की नवशिका तत्काळ हिसका देतो आणि रिकामा गळ हाती घेऊन बसतो. जाणता माणूस क्षणभर थांबतो.

ही विद्या या भूमीस नवी नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. काठी, दोर, गळ आणि निरनिराळ्या माशांना रुचणारी आमिषे यांचा तेथे बारकाईने विचार केलेला आढळतो.

फसवे आमिष हे त्या मानाने अलीकडचे. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने १८५२ साली पाण्यात लकाकत फिरणाऱ्या धातूच्या चमच्याचे पेटंट घेतले. फिनलंडमधील कोळी लाउरी रापाला याने १९३६ साली बुचाचा मासा कोरला, तो जखमी माशाप्रमाणे डुलत जाईल असा. तत्त्व तेच, जीव मात्र नाही. मरळीसाठी आज रबराचा पोकळ बेडूक वापरतात. त्याच्या गळाची टोके पाठीशी दडलेली असल्याने तो वनस्पतींत न अडकता त्यांवरून सरकतो, आणि मरळीने जबडा आवळला म्हणजेच टोके उघडी पडतात.

दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. जिवंत आमिष मासा पुष्कळदा गिळून टाकतो आणि गळ अन्ननलिकेत रुततो. असा मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. फसवे आमिष सहसा ओठाशीच लागते. लहान मासा परत सोडण्याची ज्याची इच्छा असेल, त्याने रबराचाच बेडूक घ्यावा.

परंतु खरा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. मरळ त्या काळात अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, एकदोन दिवसांत फुटतात, आणि पुढे कित्येक दिवस आईबाप पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा दाट थवा हवा घेण्यासाठी वर आला की पाण्यावर बारीक पाऊस पडल्याचा भास होतो. त्या थव्याजवळ बेडूक, मासा किंवा रबराचा तुकडा काहीही पडो, पालक त्यावर तुटून पडतात. पोट भरलेले असले तरी त्यांना ते सहन होत नाही. ही खूण मासे धरणाऱ्यांना पक्की ठाऊक आहे, आणि वर्षातील सर्वांत सोपी शिकार तीच होय. ती सोपी असली, तरी तिला कौशल्य म्हणणे कठीण आहे. राखणदार गेला की इतर मासे, पाणसाप आणि पक्षी त्या थव्याचा फडशा पाडतात. एका गळाने तळ्याची एक पिढी जाते.

कायदा येथे अपुरा पडतो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीस बंदी असते. पण नदीशी संबंध नसलेली लहान तळी तीतून वगळलेली आहेत, आणि मरळीचे घर बहुधा तेच. तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरकडील गावतळ्यांवर हा निर्णय काठी धरणाऱ्या हाताकडेच उरतो. तांबूस थवा दिसला तर दोर गुंडाळावा आणि दुसरा काठ पाहावा. पावसाळा सरून पाणी उतरू लागले, पिले पांगून आपापली शिकार करू लागली, की त्याच झुडपांशी बेडूक पुन्हा टाकता येतो. तेव्हाची मरळ भुकेने येते, आणि चुकली तर सहजासहजी दुसऱ्यांदा येत नाही.