कंबरदुखी आणि जांघेतील खोल स्नायू

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मंठाळ व आसपासच्या गावांचा संसार मूग, उडीद, सोयाबीन, तूर आणि ज्वारी या पिकांवर चालतो. या पिकांची खुरपणी उकिडवे बसून केली जाते व कापणी विळ्याने वाकून होते. खुरपणीचे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येते. सायंकाळी बांधावर उभे राहताना ‘कंबर धरली’ असे उद्गार निघतात. मग दुखऱ्या जागी तेल चोळले जाते, पट्टा बांधला जातो. परंतु या दुखण्यास हातभार लावणारा एक स्नायू पाठीत नसून पोटाच्या आत, मणक्यांच्या पुढील बाजूस असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्नायूची रचना व कार्य

या स्नायूस वैद्यकशास्त्रात ‘सोआस’ असे नाव आहे. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचे पाच मणके यांपासून तो निघतो, जांघेतून खाली उतरतो व मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूस जोडला जातो. पाऊल उचलणे, पायरी चढणे ही कामे त्याच्या बळावर होतात. मनुष्य उकिडवा किंवा खुर्चीवर बसला असता हा स्नायू आखूड स्थितीत राहतो. तासन्‌तास असे बसल्यावर तो ताठर होतो व उभे राहताना कमरेचे मणके पुढे ओढू लागतो. म्हणून शेतमजुराप्रमाणेच कचेरीतील कारकून, शिक्षक व वाहनचालक यांनाही हा त्रास संभवतो. प्रत्येक कंबरदुखीचे कारण हाच स्नायू असतो असे मात्र नाही. अनेक कारणांपैकी ते एक होय.

ताठरपणा ओळखण्याची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर सतरंजी अंथरून उताणे निजावे व एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्यावा. दुसरा पाय जमिनीवर सरळ टेकून राहिला तर ठीक. मांडी आपोआप वर उचलली गेली तर त्या बाजूचा स्नायू ताठर झाला आहे असे समजावे.

घरी करावयाचे उपाय

एक गुडघा घडी केलेल्या सतरंजीवर टेकावा व दुसरे पाऊल पुढे ठेवावे. पाठ ताठ ठेवून, पोट किंचित आत घेऊन शरीर सावकाश पुढे न्यावे. टेकलेल्या पायाच्या जांघेत ताण जाणवला की तीस सेकंद थांबावे. दोन्ही बाजूंनी हे तीन वेळा करावे. नंतर उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर दहा वेळा वर उचलावी. त्यामुळे नितंबाचे स्नायू बळकट होतात. ताण सोसवेल इतकाच द्यावा. वेदना होऊ लागल्यास थांबावे.

अंथरुणास खिळून राहू नये. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नियमित चालणाऱ्यांची कंबरदुखी उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. न चालणाऱ्या गटात हा काळ ११२ दिवसांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली असून कमरेचा पट्टा नित्याचा उपचार म्हणून वापरू नये असे सुचविले आहे.

अवजाराचा प्रश्न

केवळ व्यायामाने भागत नाही; कामाची पद्धतही बदलली पाहिजे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना आखूड दांड्याच्या खुरप्याने दिवसभर वाकून काम करावे लागे. पाठीच्या इजांमुळे तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९७५ साली त्या अवजाराचा वापर बंद झाला आणि मजूर लांब दांड्याचे अवजार वापरू लागले. आपल्याकडेही ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे वापरता येते. जेथे खुरप्यावाचून गत्यंतर नाही, तेथे अर्ध्या-पाऊण तासाने उठून थोडे चालावे. बांधावरचे हे दोन मिनिटे मजुरीतून कापू नयेत.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

या स्नायूचा एक धोकाही जाणून घेतला पाहिजे. मणक्यास क्षय झाल्यास तेथील पू याच स्नायूच्या आवरणातून खाली उतरतो व जांघेत गळू दिसू लागते. रुग्णास पाय सरळ करवत नाही. हा नुसता ताठरपणा समजून व्यायाम किंवा मालीश करीत राहिल्यास मौल्यवान वेळ वाया जातो. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्री झोपेतही न थांबणारी वेदना, जांघेतील सूज यांपैकी काही आढळल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा बसवकल्याण येथील तालुका रुग्णालयात जावे. क्षयावरील औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. पायातील शक्ती कमी होणे, बैठकीची जागा बधिर होणे अथवा लघवीवरील ताबा सुटणे ही तर तातडीची लक्षणे होत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी शाळेत व आशा कार्यकर्त्यांनी महिला मंडळांत हे व्यायाम आणि ही लक्षणे दोन्ही समजावून दिल्यास, कोणते दुखणे घरी सांभाळावे व कोणते दवाखान्यात न्यावे, हे प्रत्येक घरास कळेल.