पडदा धुताना फाटतो, पण धुतल्यामुळे नाही

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत अनेक घरांत हमखास ऐकू येणारा आवाज म्हणजे पडदा पिळताना होणारा ‘चर्र’. मग बोल लागतो साबणाला, वॉशिंग मशीनला, नाहीतर धुणंवाल्या बाईंना. बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. दांडीवर झुलत असतानाच त्या पडद्यात जीव उरलेला नसतो. पाण्यात पडल्यावर ते फक्त उघडकीला येते.

पडद्याचा खरा वैरी ऊन. खिडकीची काच उन्हातले सगळे घातक किरण अडवत नाही. पश्चिमेच्या खिडकीवरच्या पडद्याची एखादी चुणी उलगडून पाहा, आतला आणि बाहेरचा रंग वेगळा दिसेल. जिथे रंग विटला, तिथे बहुधा धागाही विरलेला असतो. पॉलिएस्टर बरेच सोसते, सुती कापड त्याहून कमी, आणि रेशीम सर्वांत कमी. हौसेने आईच्या किंवा आजीच्या रेशमी साडीचे पडदे शिवणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. जुनी वस्त्रे मांडताना वस्तुसंग्रहालये प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच ठेवतात. भर दुपारचे थेट ऊन १,००,००० लक्सच्या घरात जाते. उन्हाने झिजलेले रेशीम कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. साडी लावायचीच असेल तर ऊन न येणाऱ्या आतल्या दारावर लावावी. बाकी पडद्यांना मागून साध्या पांढऱ्या मांजरपाटाचे अस्तर द्यावे. ऊन अस्तर खाईल, आणि अस्तर बदलणे केव्हाही स्वस्त!

दुसरी शत्रू धूळ. चुण्यांमध्ये साचलेले बारीक कण धाग्यावर घासत राहतात. घरात दम्याचे कुणी असेल तर हा प्रश्न केवळ कापडाचा उरत नाही. म्हणून वर्षातून एकदा रगडून धुण्यापेक्षा दर आठवड्याला मऊ ब्रशने वरून खाली झटकणे चांगले. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास उत्तमच. झटकताना दम्याच्या रुग्णाने मात्र त्या खोलीत थांबू नये.

धुण्याआधी आकडे, कड्या काढाव्यात. लोखंडाचा गंज सुती कापडाला डाग तर पाडतोच, शिवाय ते कुजवतोही. सुती पडदे आधी अर्धा तास नुसत्या गार पाण्यात बुडवावेत. ते पाणी पाहून धक्का बसतो, बसू द्यावा! ते ओतून मगच साबण. पिळू नये, पाणी निथळले की पडदा ओलसर असतानाच दांडीवर चढवावा. स्वतःच्याच वजनाने तो सरळ होतो आणि निम्मी इस्त्री वाचते. रेशमी आणि जरीचे पडदे ड्रायक्लीनिंगलाच द्यावेत.

नवे सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते. खाली चार-सहा इंचांची दुमडही ठेवायला शिंप्याला सांगावे. तो कापड वाया जाते म्हणून कुरकुरेल, पण पुढे घर बदलले आणि खिडकी उंच निघाली, तर तीच दुमड उसवता येते.