अर्ज लाखांचे, जागा हजारांच्या

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराजवळ साक्कोट्टै हे गाव आहे. एकेकाळी तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली असलेल्या कावेरीकाठच्या प्रदेशात ते वसले आहे. जमिनीची नोंद, शेतसारा, उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी या भागातील ग्रामस्थ ज्याच्याकडे जातात, त्याला ग्राम प्रशासन अधिकारी म्हणतात. महाराष्ट्रातील तलाठ्यासारखेच हे पद होय.

या पदासह कनिष्ठ साहाय्यक, टंकलेखक इत्यादी पदांसाठी तमिळनाडू लोकसेवा आयोग ‘गट चार’ ही परीक्षा घेतो. तिला दहावी उत्तीर्ण एवढी किमान पात्रता पुरते. त्यामुळे शेतमजुराच्या मुलापासून पदवीधरापर्यंत सर्वच जण अर्ज करतात. २०२२ मध्ये ७,३०१ जागांची जाहिरात निघाली, तेव्हा सुमारे २२ लाख अर्ज आले. म्हणजेच एका जागेमागे तीनशे उमेदवार!

एवढे अर्ज हाताने तपासता येतील का? एका अर्जाला पाच मिनिटे दिली, तरी रोज आठ तास काम करणाऱ्या शंभर कर्मचाऱ्यांना सुमारे २३० दिवस लागतील. म्हणून आयोगाने कामाचा क्रम बदलला आहे. उमेदवार संगणकावर नोंदणी करतो आणि आपली माहिती स्वतः भरतो. आरंभी ती माहिती खरी मानली जाते. मूळ प्रमाणपत्रांची तपासणी मात्र परीक्षेनंतर, निवडीच्या टप्प्यात आलेल्या थोड्या उमेदवारांपुरतीच होते.

परीक्षेतही अशीच चाळणी असते. २४ जुलै २०२२ रोजी राज्यभर एकाच दिवशी, एकच प्रश्नपत्रिका देण्यात आली. उत्तरपत्रिका यंत्राने तपासल्या जातात. पहिला भाग तमिळ भाषेचा असतो. त्यात ४० टक्के गुण मिळाले नाहीत, तर दुसरा भाग तपासला जात नाही. त्यानंतर गुणानुक्रम आणि आरक्षण यांनुसार उमेदवारांना बोलावले जाते. एवढे करूनही निकाल मार्च २०२३ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी लागला.

मोठ्या संख्येमुळे वेळ लागतो, तसाच गैरप्रकारांनाही वाव मिळतो. सप्टेंबर २०१९ च्या याच परीक्षेत रामेश्वरम व कीळक्करै येथील केंद्रांवर काहींनी पुसट होणारी शाई वापरली व नंतर उत्तरे बदलण्यात आली, असे उघडकीस आले. जानेवारी २०२० मध्ये आयोगाने ९९ उमेदवारांना कायमचे अपात्र ठरवले. लाखो उत्तरपत्रिकांतील शंभराएक बनावट उत्तरपत्रिका संख्येने अल्प असतात. तथापि त्या प्रत्येकीमुळे एका प्रामाणिक उमेदवाराची जागा हिरावली जाते.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. तलाठी पदाच्या ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा संगणकावर होती व तेवढे संगणक एकाच वेळी उपलब्ध होणे अशक्य होते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती अनेक सत्रांत घेण्यात आली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असल्याने कुणाला सोपी, तर कुणाला कठीण आली. हा फरक दूर करण्यासाठी गुणांचे गणिती समानीकरण करण्यात आले. त्यामुळे २०० गुणांच्या परीक्षेत काहींचे गुण २०० च्याही वर गेले आणि उमेदवारांत मोठा असंतोष पसरला. रीत शास्त्रीय असली, तरी ती आधी नीट समजावून सांगितली नाही, तर संशय निर्माण होतो, हा त्यातील धडा होय.

भारतीय संविधानाच्या १६ व्या कलमाने सर्व नागरिकांना शासकीय नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. ती हमी अर्ज भरण्याच्या हक्कापुरती नाही. प्रत्येक अर्जाला एकच कसोटी लागली पाहिजे, हाही तिचाच अर्थ आहे. उमेदवारानेही नाव, जन्मदिनांक व प्रवर्ग प्रमाणपत्राप्रमाणेच भरावा, कारण उत्तम गुण मिळवूनही एका चुकीमुळे अखेरच्या तपासणीत संधी जाऊ शकते.

तीनशेपैकी एकाला नोकरी मिळते. उरलेले घरी परततात. आपण स्पर्धेत हरलो, परंतु फसवले गेलो नाही, असे त्यांना वाटले, तरच ती निवडपद्धती खऱ्या अर्थाने यशस्वी ठरते.