कासवाचं पाणी कुठे ओतता?

कासव घेऊन दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, टबातलं पाणी बदलल्यावर कुठे ओतता? उत्तरं ठरलेली असतात. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, कारण नळ तिथेच जवळ. बेसिनमध्ये, जिथे सगळ्यांचे दातांचे ब्रश उभे असतात. किंवा खत म्हणून बाल्कनीतल्या कुंडीत, आणि कुंडीत कोथिंबीर!

पाण्याबद्दल एवढी चौकशी साल्मोनेला नावाच्या जिवाणूमुळे. कासव, सरडे, इग्वाना, साप यांच्या आतड्यात तो सुखाने नांदतो. त्यांना सहसा काही होत नाही. विष्ठेतून तो बाहेर पडतो, आणि कासव त्याच पाण्यात दिवसभर पोहतं. मग कवच, पाय, टबातले दगड, टबाची कड, सगळीकडे तो असतो.

“डॉक्टर, आमचं कासव अगदी ठणठणीत आहे,” असं पालक सांगतात. असेलही, पण त्यावरून काहीच कळत नाही. विष्ठेची तपासणी करून द्या म्हणतात, तर हे जंतू अधूनमधूनच बाहेर पडतात. आज ‘नाही’ आलेला अहवाल उद्याची हमी देत नाही. अँटिबायोटिकनेही ते हटत नाहीत, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याची भीती. म्हणून साल्मोनेला आहे असंच धरून वागायचं.

अमेरिकेने हा धडा मुलांच्या आजारपणातून घेतला. तिथे पिटुकली कासवं घरोघरी खेळण्यासारखी पोचली होती, आणि मुलं ती तोंडातही घालत. अखेर १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला तिथे बंदी आली. आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारं लाल कानपट्टीचं ‘स्लायडर’ मूळचं तिथलंच.

नियम थोडे आहेत, पण रोजचे आहेत. कासवाला, टबाला किंवा त्याच्या खाण्याला हात लावला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझर साबण-पाणी नसेल तेव्हापुरता. टबासाठी बादली, ब्रश, मग वेगळे. घाण पाणी संडासात ओतायचं, टबही स्वयंपाकघराबाहेरच घासायचा. कासवाचे मुके घ्यायचे नाहीत, ओट्यावर फिरवायचं नाही. साप पाळणाऱ्यांनी उंदरांची पाकिटं जेवणाच्या फ्रीजरमध्ये ठेवू नयेत. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर मी कासव घेऊच नका म्हणते. तान्ह्या बाळाने कासवाला हात लावायचीही गरज नसते. टब घासलेल्या हातांनी बाटली भरली तरी पुरतं. गरोदर बाई, वयस्क आजी-आजोबा, केमोथेरपी घेणारा माणूस यांनाही धोका जास्त. एरवी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब यांवर बहुधा आठवड्याभरात निभावतं. यांच्या बाबतीत मात्र जंतू रक्तात उतरू शकतो.

हे वाचून घाबरून कासव तलावात सोडायला निघू नका. परदेशी स्लायडर आपल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर हक्क सांगतं. ठेवायचं नसेल, तर प्राणी-बचाव संस्थेला विचारा. आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं देशी स्टार कासव कुणी ‘लकी’ म्हणून विकत असेल, तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे.

एवढं करूनही घरात कुणाला जुलाब लागले, तर फॅमिली डॉक्टर विचारतील, “बाहेरचं काही खाल्लंत का?” आळ पाणीपुरीवर येईल. कासवाबद्दल ते विचारतीलच असं नाही, म्हणून आपणहून सांगा: आमच्याकडे कासव आहे.