ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी

सुट्टीत पक्षी पाहण्यासाठी सुंदरबनासारख्या दूरच्या दलदलीच्या प्रदेशात पुष्कळ लोक जातात. ज्यांस ऐपत व सवड आहे त्यांनी अवश्य जावे. परंतु ठाणे सोडून कळव्याकडे निघालेली आगगाडी जी खाडी ओलांडते, तीच दक्षिणेस ऐरोलीच्या पुढे रुंदावते, आणि तेथील चिखलात हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत हजारो रोहित पक्षी चरत असतात. २०१९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुंबईच्या आसमंतात केलेली त्यांची गणना एक लक्षाच्या वर गेली होती. २०१५ साली येथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य ठरले, आणि २०२२ साली खाडीस रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान्यता मिळाली. डोंबिवली-कल्याणच्या मुलांस हा प्रवास एका सकाळचा आहे.

रोहिताची चोच प्रथम पाहावी. ती मध्येच वाकडी असून खाताना तो मान खाली घालून तिला उलटी धरतो. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या कडांस असलेल्या बारीक चाळणीत अन्न तेवढे अडकते. धाकट्या रोहिताची चाळणी अतिशय सूक्ष्म असल्यामुळे तो मुख्यत्वे शेवाळावर जगतो. थोरला रोहित चिखलातील बारीक जीवही टिपतो. त्यांचा गुलाबी रंगही याच अन्नातील रंगद्रव्यांचा होय. पिल्ले मात्र राखी असतात.

आता जावयाचे केव्हा? याचे उत्तर घड्याळापेक्षा खाडी अधिक चांगले देते. चिखल उघडा पडल्यावाचून रोहितास अन्न नाही. आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता; आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. (गणिताच्या तासास कंटाळणाऱ्यांनी हे उदाहरण करून पाहावे.) ऐरोलीस वनखात्याच्या केंद्रातून नाव मिळते, तिची वेळही भरती-ओहोटीवरच ठरते, म्हणून आधी चौकशी करून निघावे. कांदळवनाच्या कडेस बगळे, खंड्या व लांब तांबड्या पायांचा शेकाट्याही दिसेल.

भरतीत हे पक्षी कोठे जातात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ते नेरूळ बाजूच्या उथळ तलावांत येऊन एका पायावर विसावतात. खाडी त्यांची पानवठ्यासह खाणावळ, तर हे तलाव त्यांची ओसरी. दोहोंपैकी एक गेले तर दुसरे पुरत नाही. यांपैकी एका तलावाची समुद्राचे पाणी येण्याची वाट अडली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे काही रोहित मृत्युमुखी पडले. अभयारण्याची हद्द खाडीपुरती आहे. तलाव तिच्या बाहेर राहिले. आमच्या मते, नकाशा आखणाऱ्यांनी ओहोटीचाच पक्षी पाहिला, भरतीचा पाहिला नाही.

तेव्हा ज्यांस ओहोटीची वेळ साधणार नाही त्यांनी भरतीच्या वेळी हे तलाव गाठावे. पक्षी काठाजवळ असतात, आणि गुलाबी थव्यात उभी असलेली राखी पिल्ले दुर्बिणीवाचूनही ओळखू येतात.