प्लेसमेंटचं काय, सर?

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माणसं घेण्याचं काम मी करते. त्यामुळे सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत मुलाखतींसाठी जाणं होतं, आणि एका कॉलेजच्या विकास समितीवर उद्योगाच्या बाजूने मला घेतलंय. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अशी समिती प्रत्येक संलग्न कॉलेजला ठेवावी लागते. वर्षाला किमान चार बैठका. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षक, ऑफिसातला एक कर्मचारी, आमच्यासारखे बाहेरचे चौघे आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव.

शेवटचे दोघे मी अजून पाहिलेले नाहीत. महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुका १९९४ च्या कायद्याने बंद झाल्या आणि परिषद गुणपत्रिका बघून नेमली जाऊ लागली. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या खऱ्या, पण २०१९ मध्ये घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. तेव्हा ज्याच्या नोकरीबद्दल आम्ही चहाबिस्किटांसोबत बोलतो, तो टेबलाशी नसतो.

मग त्याचं म्हणणं कळतं कुठून? फॉर्मवरून. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली की कॉलेजात मुलांच्या मताला एकदम भाव येतो. नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात इंटर्नशिप आणि क्षेत्रभेटींबद्दलही एक प्रश्न असतो, आणि शेवटी तीन सूचना लिहा म्हणतात. मुलं सगळीकडे वरचा पर्याय निवडतात, सूचनेच्या जागी ‘काही नाही’ लिहितात आणि कँटीनला जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांनीच भरायला लावलेल्या फॉर्मवर आणखी काय लिहिणार?

एका बैठकीत मी म्हटलं, मला शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलू द्या, फक्त शिक्षक नकोत. प्राचार्यांनी जरा वेळ पेनाचं टोपण फिरवलं आणि हो म्हणाले. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो.

पहिली दहा मिनिटं सगळे गप्प. मग वाळवा तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मुलाखतीची नोटीस ग्रुपवर रात्री येते. सकाळी नऊला पुण्यात हजर व्हायचं. आमच्या गावातनं पहिली गाडीच सहाची हाय.” तिथून गाडी चालू झाली. बी.ए. तीनचा एक मुलगा म्हणाला, “कंपनी येते ती बी.सी.ए. आणि कॉमर्सला. आम्हाला सभागृह भरायला बसवतात.” दुसऱ्याने गेटवरच्या फ्लेक्सचा विषय काढला. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून ज्याचा फोटो आहे तो तीन महिन्यांत हिंजवडीहून परत आला. पगारातून खोलीभाडं आणि मेस जाऊन घरी पाठवायला काही उरत नव्हतं. ऑफर लेटर मोजलं गेलं, परतीचा प्रवास कुणी मोजला नाही.

भरतीवाल्या मुलांची गोष्ट तर मला माहीतच नव्हती. साताऱ्याकडे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, इतकी तिथली माणसं फौजेत गेली आहेत. या भागात पहाटे पाचला मैदानावर पळणारी पोरं शेकड्याने दिसतात. आठच्या लेक्चरला त्यांना झोप येते आणि हजेरी कमी म्हणून नोटीस लागते. त्यांना कॉलेजकडून फक्त मैदानाचं फाटक पहाटे उघडं हवं होतं. करिअर मार्गदर्शन म्हणजे कोट घालून आलेला वक्ता, असं आपण धरून चाललेलो असतो.

एम.ए., एम.एस्सी.ची मुलं ओजेटीवर चिडलेली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण करायचं असतं. कॉलेज एक पत्र देतं आणि जागा तुम्ही शोधा म्हणतं. ती पत्रं मला ओळखीची आहेत. आमच्या गेटवरचा वॉचमन ती घेऊन ड्रॉवरमध्ये टाकतो, कारण कुणाकडे द्यायची हे पत्रावर लिहिलेलंच नसतं. इतिहासाच्या मुलीला फाउंड्रीत काय द्यायचं? पण मिरजेच्या दवाखान्यांत, सांगलीच्या हळदीच्या पेढ्यांवर, सूतगिरणीच्या ऑफिसात तिला काम आहे. तिथे आधी कॉलेजातल्या कुणीतरी जाऊन बोलायला पाहिजे, आणि ज्या सरांकडे प्लेसमेंट आहे ते आठवड्याला सोळा लेक्चर घेऊन उरलेल्या वेळात ते काम करतात. मला त्यांचा राग येत नाही.

शिक्षण आणि कामाची सांगड घालण्यात हा मुलुख तसा नवखा नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हाच त्याचा पाया होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वतः ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल विकत गावं पालथी घातली होती. मुलाच्या खिशात काय आहे हे कळायला त्यांना प्रश्नावली लागली नाही, बोर्डिंगातली पोरं त्यांच्या घरातलीच होती. आजचे प्राचार्य अहवाल, अनुदान आणि रिकाम्या जागांखाली दबलेले असतात, त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा मी करत नाही.

आमच्या प्राचार्यांचं पहिलं उत्तर होतं, “हे आम्हाला माहीत आहे.” मी विचारलं, मग उत्तर कोण देणार आणि कधी? त्यावरून एक साधी वही निघाली. मुलाने काय विचारलं, कुणी बघायचं, कोणत्या तारखेपर्यंत. पुण्याची मुलाखत असेल तर नोटीस चार दिवस आधी, हे लगेच मान्य झालं. मैदानाचं फाटकही उघडलं. फ्लेक्सला मात्र त्यांनी साफ नकार दिला. शेजारच्या कॉलेजचा फ्लेक्स त्याहून मोठा आहे, जूनमध्ये प्रवेश कुठून आणू, म्हणाले. त्यांची अडचण खोटी नाही, तरी मला ते पटलेलं नाही.

मुलांच्या हातात कायदाही आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. माहितीपत्रकातला खोटा दावा हीसुद्धा तक्रार होते. पण परीक्षा तोंडावर असताना असा अर्ज करणारी मुलं मी पाहिली नाहीत. मला टेबलावरचं बोलणं जास्त कामाचं वाटतं.

परिषद नसली तरी पुढच्या बैठकीला दोन विद्यार्थ्यांना ‘निमंत्रित’ म्हणून बसवलं. त्यातली ती वाळव्याकडची मुलगी. नोटिशींवर ती काही बोललीच नाही, वळली माझ्याकडे. “मॅडम, तुमच्या कंपनीत शॉपवर एकपण मुलगी का नाही?” प्राचार्य खाली बघून हसले. मी म्हटलं, मालकांना विचारून सांगते. क्लार्कने वही पुढे ओढली आणि विचारलं, “मॅडम, तारीख काय घालू?”