कबड्डीच्या संघात कोणी कोठे उभे राहावे?

आमच्या विद्यार्थ्यांस कबड्डीची गोडी आहे, ही संतोषाची गोष्ट होय. आपल्या वऱ्हाडाचा या खेळाशी संबंधही जुना. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे ऑलिंपिकप्रसंगी त्याची प्रात्यक्षिके दाखविली होती. तथापि संघनिवडीच्या दिवशी प्रत्येकास चढाई करणाराच व्हावयाचे असते. ज्याच्या वाट्यास कोपरा येतो तो हिरमुसून घरी जातो आणि पालक आम्हांस विचारतात, "आमच्या मुलास मागे का ठेविले?" या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या रचनेतच आहे.

मैदानावर एका पक्षाचे सात गडी असतात. प्रचलित मांडणीत दोन टोकांस दोन कोपरारक्षक आणि त्यांच्या साहाय्यास दोन कव्हर असतात. उरलेल्या तीन जागी बहुधा चढाई करणारे उभे राहतात. म्हणजे सातांपैकी चौघांचे मुख्य काम पकडीचे होय.

चढाई करणारेही एका साच्याचे नसतात. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई अंगबळाने पकड तोडणारे. तर मुंबईच्या रिशांक देवाडिगांचा भर पायांच्या चपळाईवर व बोनस गुणावर. आता हा बोनस समोर सहा किंवा सात गडी असतील तरच मिळतो. म्हणून बोनस घेणारा हलका मुलगा डावाच्या आरंभी मोलाचा. पण समोर तिघेच उरले म्हणजे लांब हाताचा अथवा जोरकस गडी पाठवावा लागतो. एकाच प्रकारचे तीन चढाईवीर निवडणारा संघ निम्म्या वेळी लंगडा पडतो.

कोपऱ्याचे काम आमच्या मते सर्वांत कठीण. चढाई करणारा आत येईपर्यंत कोपरारक्षकाने हालचाल आवरावयाची आणि त्याचा पाय टप्प्यात आला की त्याच क्षणी घोटा धरावयाचा. उतावळेपणाने झेप घेतली तर गुण जातो आणि गडीही बाद होतो. यास्तव सर्वांत उत्साही मुलगा कोपऱ्यास पुष्कळदा निरुपयोगी ठरतो, व वर्गात मुकाट बसणारा तेथे शोभतो. महाराष्ट्राचे गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यावरूनच नावारूपास आले. कोपऱ्याने पाय धरताच कव्हरने धडक द्यावयाची असते. म्हणून ही दोघे जोडीनेच निवडावीत. ज्यांस एकमेकांचा इशारा कळत नाही असे दोन बलवान गडी एका बाजूस उभे करून काही साधत नाही.

तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड साधली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. तेथे नुसते चढाई करणारे उरले असतील तर संघ सहसा बुडतो आणि प्रतिपक्षास लोण मिळून दोन गुण अधिक जातात. (लोण म्हणजे मीठ, आट्यापाट्यांसही लोणपाट म्हणतात. आपल्या खाऱ्या सरोवराच्या गावी हा शब्द कोणास परका वाटू नये!) याच कारणास्तव दोन्ही कामे जाणणारा एक तरी अष्टपैलू गडी संघात असावा.

पालकांस एक विनंती. या खेळात वजनाची मर्यादा असते. राष्ट्रीय स्पर्धेत वरिष्ठ पुरुषांस ८५ किलोपर्यंतच मुभा आहे. मर्यादेत बसावे म्हणून वाढत्या वयाच्या मुलास उपाशी ठेवू नये. मुलाचे वजन वाढले तर त्याची जागा बदलता येते. गेल्या वर्षी बोनस घेणारा पोर यंदा उत्तम कव्हर होऊ शकतो. सतराव्या वर्षापर्यंत शरीर इतके पालटते की आम्ही प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्वांस सर्व जागी खेळवून पाहतो, आणि मगच यादी फळ्यावर लावतो.